अमेरिकेतलं महास्थलांतर (१९१६–१९७०): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागो किंवा डेट्रॉइटला नातेवाइकांकडे जाऊन आलेली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: शहराचा हा भाग जवळजवळ संपूर्ण कृष्णवर्णीय आणि पलीकडचा जवळजवळ संपूर्ण गोरा, असं कसं काय? गुलामगिरी तर दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांवर होती ना, मग ही माणसं हजार मैल उत्तरेला आली कधी? त्या अनुषंगाने नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

महास्थलांतर म्हणजे नेमकं काय?

साधारण १९१६ ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय अमेरिकन दक्षिणेतली राज्यं सोडून उत्तरेकडच्या, मध्यपश्चिमेतल्या आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या शहरांत गेले. १९१० साली देशातले दहापैकी नऊ कृष्णवर्णीय दक्षिणेत राहत होते. १९७० पर्यंत हे प्रमाण निम्म्याच्या थोडंच वर उरलं. आणि जी जमात प्रामुख्याने खेड्यात शेतावर राहत होती, ती दोन पिढ्यांत शहरी झाली.

शिकागोतली कृष्णवर्णीय लोकसंख्या १९१० मध्ये ४४ हजार होती, १९३० मध्ये २ लाख ३४ हजार. डेट्रॉइटमध्ये तर १९१० ला जेमतेम ५,७०० माणसं होती, वीस वर्षांनी १ लाख २० हजार.

गुलामगिरी १८६५ मध्येच संपली. मग पन्नास वर्षं ही माणसं थांबली कशाला?

सगळी थांबली नव्हती. १८७९ मध्ये हजारो जण मिसिसिपी, लुईझियाना, टेनेसी सोडून कॅन्ससला गेले होते. पण बहुतेकांना जाता येत नव्हतं, आणि सुरुवातीला जावंसंही वाटत नव्हतं. यादवी युद्धानंतरची दहा-बारा वर्षं खरोखर आशेची होती. कालपर्यंत गुलाम असलेली माणसं मतदान करत होती, विधिमंडळात बसत होती. १८७७ मध्ये केंद्राने दक्षिणेतल्या उरलेल्या सैन्याचा आधार काढून घेतला आणि चक्र उलटं फिरलं. मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत मतदानासाठी डोईपट्टी आणि वाचनाची अट घातली. त्यातही घटनेतलं कोणतंही कलम पुढे ठेवून ‘याचा अर्थ सांग’ म्हणायची मुभा गोऱ्या कारकुनाला होती, आणि उत्तर बरोबर की चूक हेही तोच ठरवणार. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या तत्त्वावर शिक्कामोर्तब केलं. डबे वेगळे, शाळा वेगळ्या, नळ वेगळे. समान मात्र काहीच नव्हतं.

शेतीत वाट्याची पद्धत रुजली. जमीन मालकाची, राबणं कुळाचं, पीक अर्धं-अर्धं, असं कागदोपत्री. प्रत्यक्षात बियाणं, मक्याचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, कापड, सगळं मालकाच्याच दुकानातून वर्षभर उधारीवर यायचं. डिसेंबरात हिशेब व्हायचा. वही मालकाची, आकडे मालकाचे, आणि वर्षाच्या शेवटी कुळाच्या नावावर बाकी उरलेली. त्यावर तक्रार केली तर काय व्हायचं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. जमावाने फासावर लटकवण्याच्या, जाळून मारण्याच्या ४,४०० हून अधिक घटनांची १८७७ ते १९५० या काळातली नोंद अलाबामातल्या ‘इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह’ या संस्थेने केली आहे. ही संस्था त्याला वर्णद्वेषी दहशत म्हणते. माझ्या मते त्याहून सौम्य शब्द वापरणं अप्रामाणिकपणाचं आहे.

मग १९१६ च्या आसपास असं काय घडलं?

युरोपात महायुद्ध पेटलं. उत्तरेतले पोलादाचे कारखाने, कत्तलखाने, रेल्वे यार्ड हे युरोपातून येणाऱ्या मजुरांवर चालत. १९१४ मध्ये १२ लाखांवर स्थलांतरित अमेरिकेत उतरले होते, १९१८ मध्ये फक्त १ लाख १० हजार. इकडे युद्धाच्या मागणीमुळे कारखान्यांना माणसं पुरेनात. ज्या कृष्णवर्णीयांना कालपर्यंत दारातही उभं करत नव्हते, त्यांना आणायला कंपन्यांनी दलाल पाठवले. दक्षिणेत शेतमजुराला दिवसाला एक डॉलरही सुटत नव्हता, उत्तरेत त्याच्या साधारण तिप्पट मिळत होते.

त्यात कापसावर कीड पडली. बोंडात अंडी घालणारा हा सोंडकिडा मेक्सिकोतून १८९२ च्या सुमारास टेक्ससमध्ये शिरला आणि वर्षागणिक पूर्वेला सरकत राहिला. (आपल्याकडच्या बोंडअळीशी गल्लत नको, ती पतंगाची अळी, हा भुंग्याच्या कुळातला.) जिथे तो पोहोचला तिथे मालकांनी कुळांना उधारी देणं थांबवलं. जाता जाता: अलाबामातल्या एंटरप्राइज या गावाने १९१९ मध्ये या किड्याच्या नावाने चक्क स्मारक उभारलं, कारण त्याच्यामुळे गाव भुईमुगाकडे वळलं आणि पैसा दिसला. कुळांच्या वाट्याला काय आलं, त्याचं स्मारक अर्थातच नाही.

या चळवळीचा नेता कोण होता?

कोणीच नाही. आणि मला विचाराल तर या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. ना पक्ष, ना परिषद, ना जाहीरनामा. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यासारखा मोठा नेता तर आयुष्यभर लोकांना दक्षिणेतच राहून प्रगती करा असं सांगत आला होता. लोकांनी ऐकून घेतलं आणि तिकिटं काढली.

दिशा दाखवणारं एक वर्तमानपत्र मात्र होतं. जॉर्जियात जन्मलेल्या रॉबर्ट अ‍ॅबट यांनी १९०५ मध्ये शिकागोत ‘शिकागो डिफेंडर’ सुरू केलं. दक्षिणेतल्या अत्याचारांच्या बातम्या, शेजारीच उत्तरेतल्या नोकऱ्यांच्या जाहिराती आणि गाड्यांचं वेळापत्रक. हे पत्र दक्षिणेत पोहोचवायचे पुलमन कंपनीच्या शयनडब्यांवरचे कृष्णवर्णीय पोर्टर. अनेक गावांत ते उघड विकणं धोक्याचं होतं, म्हणून स्टेशनच्या अलीकडे-पलीकडे गठ्ठे टाकले जायचे. एक अंक न्हाव्याच्या दुकानात, चर्चमध्ये मोठ्याने वाचला जायचा. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही शिकागोच्या कत्तलखान्यातली मजुरी तोंडपाठ असायची.

वाचकांनी या पत्राला पाठवलेली पत्रं १९१९ मध्ये छापली गेली. माझ्याकडे अमुक हुन्नर आहे, कसलंही काम करीन, तिकिटाचे पैसे पगारातून कापून घ्या, आणि कृपा करून माझं नाव छापू नका, असा त्यांतल्या कितीतरी पत्रांचा सूर आहे.

नाव का छापायचं नाही? दक्षिणेतल्या गोऱ्यांना ही माणसं गेलेली बरीच वाटली असतील ना?

मुळीच नाही. माणूस म्हणून नकोसा असला तरी मजूर म्हणून तो हवाच होता. जॉर्जियातल्या मेकन शहराने मजूर नेणाऱ्या दलालांसाठी परवान्याची फी २५,००० डॉलर ठेवली, वर दहा धर्मोपदेशक, दहा कारखानदार आणि पंचवीस व्यापारी यांची शिफारस मागितली. थोडक्यात, परवाना द्यायचाच नव्हता. काही ठिकाणी पोलीस फलाटावरून लोकांना हुसकावत, गाडीतून उतरवत, भटकेगिरीच्या कायद्याखाली अटक करत. म्हणून माणसं जवळच्या गावाचं तिकीट काढत, तिथे उतरून पुढचं काढत. कुळं रात्रीतून घर सोडत. मागे राहिलेल्या भावाला विचारलं तर तो म्हणणार, मामाकडे गेलाय, येईल परवा.

कोण कुठे जायचं, हे कसं ठरायचं?

रेल्वेने ठरवलं. मिसिसिपी, अलाबामा, आर्कान्सातली माणसं इलिनॉय सेंट्रलने शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलंड, मिलवॉकीला. जॉर्जिया, फ्लोरिडा, कॅरोलायना, व्हर्जिनियातली पूर्व किनाऱ्याने वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कला. लुईझियाना आणि टेक्ससमधली, मुख्यतः दुसऱ्या महायुद्धापासून, कॅलिफोर्नियाला. एकदा पहिला माणूस कुठे स्थिरावला की मागचे त्याच पत्त्यावर येत. त्यामुळे आजही शिकागोत एखाद्याचं मूळ गाव विचारलं तर उत्तर मिसिसिपी येण्याची शक्यता मोठी, आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत कॅरोलायना किंवा जॉर्जिया.

प्रवासाचं सांगायचं तर दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा डबा बहुधा इंजिनाला लागून असायचा, धूर आणि काजळी खात जाणारा. भोजनाच्या डब्यात बसू देतील याची खात्री नाही, म्हणून बुटाच्या रिकाम्या खोक्यात तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी, ब्रेड, केकचा तुकडा असं बांधून घ्यायचं. दीड दिवसाच्या प्रवासात ते जपून पुरवायचं. पुढे मोटारी आल्या तरी वाटेत कोणतं हॉटेल आत घेईल हा प्रश्न होताच. न्यूयॉर्कमधले टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून अशा ठिकाणांची मार्गदर्शिका काढली, ती तीसेक वर्षं चालली.

उत्तरेत तरी वर्णभेद नव्हता ना?

हा गैरसमज फार पसरलेला आहे, उत्तरेतल्या गोऱ्यांनी तो जपलाही आहे. पाट्या नव्हत्या, एवढं खरं. मतदान करता येत होतं, मुलाला वर्षभर शाळेत पाठवता येत होतं, रस्त्यात गोरा समोरून आला तर बाजूला व्हावं लागत नव्हतं. या गोष्टी लहान नाहीत. पण राहायचं कुठे, हे दुसरेच ठरवत होते.

शिकागोत कृष्णवर्णीयांना दक्षिण भागातल्या एका अरुंद पट्ट्यात कोंबलं गेलं. मालक सहा-सात खोल्यांचा फ्लॅट घ्यायचे, मध्ये फळ्या ठोकून त्याच्या एकेका खोलीची बिऱ्हाडं करायचे. कोपऱ्यात गॅसची शेगडी, संडास-मोरी मजल्यावरच्या सगळ्यांत एक. त्याला ‘किचनेट’ म्हणत. भाडं मात्र गोऱ्या वस्तीतल्या चांगल्या घरापेक्षा अनेकदा जास्त, कारण भाडेकरूला दुसरीकडे जायची सोयच नव्हती. पट्ट्याबाहेर पाऊल टाकलं तर बॉम्ब. जुलै १९१७ ते मार्च १९२१ या काळात शिकागोत अशा ५८ घरांवर बॉम्ब टाकले गेल्याची नोंद राज्याच्या गव्हर्नरने नेमलेल्या चौकशी आयोगानेच केली आहे.

२७ जुलै १९१९ ला मिशिगन सरोवरात पोहणारी काही मुलं तराफ्यासह न दिसणाऱ्या सीमेपलीकडे, गोऱ्यांच्या किनाऱ्याकडे वाहत गेली. किनाऱ्यावरून दगड आले आणि यूजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा मुलगा बुडाला. पोलिसाने दगड मारणाऱ्याला अटक करायला नकार दिला. पुढच्या दंगलीत ३८ जण मेले: २३ कृष्णवर्णीय, १५ गोरे. हजारेक कुटुंबं बेघर झाली.

आणि यापेक्षा टिकाऊ नुकसान कागदाने केलं. खरेदीखतातच ‘हे घर कृष्णवर्णीयाला विकणार नाही’ असं कलम असायचं. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, अशी कलमं न्यायालयांनी अमलात आणायची नाहीत. १९३० च्या दशकात केंद्राच्या गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले, कृष्णवर्णीय वस्त्या लाल: धोक्याच्या. तिथे सरकारी हमीचं कर्ज मिळेना. मग सट्टेबाज पुढे आले. ते गोऱ्यांना घाबरवून घर स्वस्तात घ्यायचे आणि कृष्णवर्णीयाला जवळपास दुपटीने हप्त्यावर द्यायचे, तेही शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी स्वतःकडे ठेवून. एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि भरलेले पैसेही. अमेरिकेत मध्यमवर्गाची शिल्लक म्हणजे मुख्यतः घर. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांच्या संपत्तीतली आजची दरी कुठून आली, असं कोणी विचारलं तर हा नकाशा समोर ठेवावा.

मार्टिन ल्यूथर किंग १९६६ मध्ये शिकागोत राहायला आले, ते घरांच्या प्रश्नासाठीच. ऑगस्टमध्ये मार्केट पार्क (Marquette Park) भागातल्या मोर्च्यात त्यांच्या डोक्यात दगड बसला. असा द्वेष मिसिसिपी-अलाबामातही पाहिला नव्हता, असं ते नंतर म्हणाले. घरविक्रीतल्या भेदभावाला बंदी करणारा केंद्राचा कायदा त्यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल १९६८ मध्ये झाला.

स्त्रियांना काय काम मिळायचं?

बहुतेकींना घरकाम. कारखान्यात पुरुषाला निदान घाणीचं, उष्णतेचं काम मिळे. बाईला तेही क्वचित. मंदीच्या काळात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात बायका सकाळपासून कोपऱ्याकोपऱ्यांवर कामाच्या कपड्यांचा जोड आणि एप्रन कागदी पिशवीत घेऊन उभ्या राहायच्या, आणि गृहिणी येऊन तासाच्या दराने घासाघीस करायच्या. एला बेकर आणि मार्व्हेल कुक यांनी १९३५ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि या जागांना सरळ ‘गुलामांचा बाजार’ म्हटलं. बेकर पुढे नागरी हक्क चळवळीच्या आधारस्तंभ झाल्या.

दुसरी लाट कधी आली?

दुसऱ्या महायुद्धात. पहिल्या लाटेत सुमारे १६ लाख गेले होते, १९४० नंतरच्या तीस वर्षांत उरलेले चाळीस-पंचेचाळीस लाख. फरक असा की या वेळी मागचं दार बंद झालं. ऑक्टोबर १९४४ मध्ये मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणारी यंत्रं लोकांना चालवून दाखवली. एक यंत्र सुमारे पन्नास माणसांचं काम करत होतं. ज्या कुळांना अडवायला पोलीस रेल्वे स्टेशनवर उभे असत, ती आता कुणालाच नको होती.

गाव सुटलं म्हणजे नातंही तुटलं का?

नाही. पैसे गावी जात होते, माणसं लग्नाला-मयताला जात होती, आणि सुटीत मुलांना आजोळी पाठवायची पद्धत होती. शिकागोतला १४ वर्षांचा एमेट टिल असाच ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपीतल्या मनी या गावाजवळ आजीच्या बहिणीकडे गेला. दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला म्हणून त्याला रात्री उचलून नेलं आणि हालहाल करून मारलं. संपूर्ण गोऱ्या ज्यूरीने आरोपींना सोडून दिलं. त्याची आई मॅमी टिल लहानपणीच मिसिसिपीहून उत्तरेत आलेली. तिने शवपेटी उघडी ठेवायला लावली, लोकांना चेहरा पाहू दिला. शिकागोतून निघणाऱ्या ‘जेट’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाने तो फोटो छापला. हे मिसिसिपीत शक्य झालं नसतं. उत्तरेत स्वतःची चर्च, स्वतःचे छापखाने, स्वतःचे मतदार उभे राहिले होते, म्हणून झालं.

राजकारणात काय बदललं?

दक्षिणेत मत नव्हतं, उत्तरेत होतं, एवढ्यानेच गणित बदललं. अलाबामात जन्मलेले ऑस्कर डी प्रीस्ट १९२८ मध्ये शिकागोतून काँग्रेसवर, म्हणजे देशाच्या संसदेवर, निवडून आले. १९०१ नंतर तिथे पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय. फ्लोरिडातून हार्लेमला आलेल्या ए. फिलिप रँडॉल्फ यांनी पुलमन पोर्टरांची संघटना बांधली, आणि १९४१ मध्ये वॉशिंग्टनवर मोर्चा आणू अशी धमकी देऊन रूझवेल्ट यांच्याकडून संरक्षण कारखान्यांतल्या भेदभावाविरुद्ध आदेश काढून घेतला. मोर्चा काढावाच लागला नाही.

आणि संगीत?

यावर वेगळं पान लागेल. एकच उदाहरण देतो. स्टोव्हल मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारे ब्लूज गायक मडी वॉटर्स १९४३ मध्ये क्लार्क्सडेलहून गाडीत बसून शिकागोला आले. गोंगाटाच्या बारमध्ये साधी गिटार ऐकूच जाईना, म्हणून त्यांनी विजेवरची घेतली. मळ्यावरचं ब्लूज असं कारखान्याच्या शहराचं झालं आणि रॉक संगीताची निम्मी मुळं तिथे सापडतात. मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी काढणाऱ्या बेरी गॉर्डी यांचे आईवडीलही जॉर्जियातून डेट्रॉइटला आलेले.

चित्रांत पाहायचं असेल तर जेकब लॉरेन्स यांची १९४०-४१ मधली ६० चित्रांची मालिका पाहा. विषम क्रमांकाची चित्रं वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये आहेत, सम क्रमांकाची न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात. पूर्ण गोष्टीसाठी दोन शहरं करावी लागतात.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. तेव्हा दक्षिणेत कृष्णवर्णीय अजून मतदान करत होते. चारच वर्षांनी ते पर्व संपलं. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि विद्यापीठाला लागूनच असलेलं हार्लेम त्याच वर्षांत कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणून आकार घेत होतं. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकन कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे करत असलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.

तिसरा धागा महास्थलांतरातूनच थेट निघतो. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष काढणारे ह्यूई न्यूटन जन्माने लुईझियानाचे, बॉबी सील टेक्ससचे. दोघांचीही कुटुंबं पश्चिमेकडच्या लाटेत आलेली. त्यांच्यापासून नाव आणि स्फूर्ती घेऊन १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदींनी दलित पँथर उभी केली.

हे स्थलांतर संपलं का?

१९७० च्या दशकात थांबलं, मग उलटं फिरलं. उत्तरेतले कारखाने बंद पडले. डेट्रॉइटची एकूण लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये ६ लाख ४० हजारांच्या आत आली. शिकागोत १९८० च्या सुमारास १२ लाखांच्या घरात कृष्णवर्णीय होते, २०२० मध्ये आठ लाखांच्या खाली. नातवंडं आता अटलांटा, ह्यूस्टन, डॅलस, शार्लट गाठताहेत: घरं स्वस्त, नोकऱ्या आहेत, मावश्या-आत्या तिथेच आहेत. फक्त परत जाणारे मळ्यावर जात नाहीत, शहरांत जातात. आणि मतं सोबत नेतात. मजूर अडवायला मेकनने २५,००० डॉलरची फी लावली होती त्याच जॉर्जियातून जानेवारी २०२१ मध्ये राफाएल वॉरनॉक सिनेटवर निवडून गेले, राज्याचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर.